घरखर्चही टनात मोजावा



एरवी या पानावर आम्ही लागण, बेणे, खतांच्या मात्रा, हुमणीचा बंदोबस्त असे विषय घेत असतो. हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा गाळप हंगाम आटोपलेला असेल, तोडणीच्या टोळ्या आपापल्या गावी परतलेल्या असतील, आणि ऊन मी म्हणत असेल. खोडव्याला पाणी देणे सोडले तर शेतात काम थोडे आणि घरात खर्च फार, असे हे दोन-अडीच महिने. म्हणून या वेळी बांधावरून उतरून थोडे उंबऱ्याच्या आत यावे म्हणतो. ऊस विकास अधिकाऱ्याला स्वयंपाकघरातलं काय कळतं, असं कोणी म्हणेल. म्हणू द्या. गटात फिरताना आम्हाला चहा कुठेही मिळतो, आणि चहा उकळेपर्यंत कान काही बंद नसतात.

आपल्याकडे पैसा कसा येतो ते आधी पाहू. ऊस कारखान्याला दिल्यापासून चौदा दिवसांत बिल द्यावे, असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा दंडक आहे. म्हणजे ऊसकऱ्याचा पैसा थंडीत आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी येतो. सोसायटीची वसुली वजा होते, उरलेले खात्यावर जमा होते. दुधाचे पैसे सोडले तर नोकरदारासारखी दरमहा आवक आपल्याला नाही. मार्चमध्ये खाते भरलेले दिसते, हात सैल होतो. एप्रिल-मेमध्ये लग्नसराई, पाहुणे, यात्रा-जत्रा, वाढलेले वीजबिल. आणि जून उजाडतो तेव्हा आडसालीच्या लागणीची तयारी, खते, पोरांच्या वह्या-पुस्तकांसह शाळेची फी, सगळे एकदम दारात उभे राहते. त्याच वेळी खात्याने तळ गाठलेला असतो.

मग काय होतं? मग उधारी होते. आणि उधारीचा खरा भुर्दंड व्याजापेक्षा दुसरीकडे आहे. रोख पैसे घेऊन गेलेला माणूस दुकानात ताठ उभा राहून सांगू शकतो, "मला दोन पोती युरिया पाहिजे, बाकी काही नको." उधारीवाल्याला तसं म्हणता येत नाही. त्याला युरियाबरोबर कसल्याशा बाटल्या आणि पुड्या घ्याव्या लागतात. यालाच लिंकिंग म्हणतात आणि त्याविरुद्ध आपण सारे चावडीवर तावातावाने बोलतो. पण घेतो. का घेतो, तर वहीत नाव लिहायचे असते. तेव्हा मे महिन्यात घरात वाचलेला रुपया हा जूनमध्ये दुकानदारापुढे "नको" म्हणण्याचा रुपया आहे, एवढे ध्यानात घेऊन पुढचे वाचावे.

आता टनाचा हिशेब. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये दर ठरवला, म्हणजे टनाला ३,५५०. त्यातून तोडणी-वाहतूक गेली. नंतर मशागत, बेणे, खत, मजुरी, पाणीपट्टी गेली. टनामागे हातात निव्वळ काय उरले, हे ज्याच्या त्याच्या वहीत वेगळे निघेल. ज्याची वहीच नाही त्याच्याविषयी काय बोलावे! आपण हिशेबाच्या सोयीसाठी एक हजार रुपये धरू. याचा अर्थ असा, की घरात हजार रुपये वाचले तर एक टन जादा ऊस पिकवल्यासारखे झाले. आणि या टनाला पाणी नको, खत नको, तोडणीची चिठ्ठी नको, वजनकाट्याविषयी शंका नको. एकरी पाच टन वाढवण्यासाठी आम्ही वर्षभर आपल्या मागे लागतो. त्यातले दोन-तीन टन घरातच पडलेले असतात.

सर्वांत आधी वीज. शेतीपंपाला साडेसात अश्वशक्तीपर्यंत २०२४ सालापासून मोफत वीज मिळू लागली आणि तेव्हापासून विजेच्या बिलाकडे पाहण्याची सवय सुटत चालली आहे, असे आमचे निरीक्षण आहे. पण घरचे मीटर मोफत नाही. घरगुती बिलात पहिल्या शंभर युनिटांचा दर कमी आणि शंभरच्या पुढचा जवळजवळ दुप्पट, ही मेख पुष्कळांना माहीत नसते. शंभरच्या पुढचे युनिट सगळे आकार धरून दहा रुपयांच्या वरच पडते. म्हणून उन्हाळ्यात वापर थोडासा वाढला तरी बिल मात्र एकदम उडी मारते.

साध्या पंख्याचे गणित करू. जुना पंखा साधारण ७५ वॅट खातो. दिवसाकाठी बारा तास फिरला तर महिन्याला २७ युनिट. घरात असे चार पंखे असतील तर १०८ युनिट झाले, म्हणजे शंभराची वेस पंख्यांनीच ओलांडली. दिवे, टीव्ही, फ्रीज, मिक्सर अजून मोजलेच नाहीत. अलीकडे बीएलडीसी नावाचे पंखे आले आहेत, ते तीस-पस्तीस वॅटमध्ये तेवढाच वारा देतात. असे चार पंखे तेवढेच फिरले तर ४३ ते ५० युनिट. म्हणजे साठेक युनिट, सहाशे रुपये महिना. मात्र म्हणून चारही पंखे उद्याच काढून टाकावेत, असे आम्ही सांगत नाही. नवा पंखा अडीच-तीन हजारांना पडतो. जो पंखा वीस-वीस तास फिरतो, म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या खोलीतला किंवा सोप्यातला, तो आधी बदलावा. त्याची किंमत वर्ष-सव्वा वर्षात वसूल होते. पाहुण्यांच्या खोलीतला जुना पंखा फिरतो आहे तोवर फिरू द्या. नवीन घेताना २०२३ पासून छताच्या पंख्यांवर तारांची पट्टी सक्तीची झाली आहे, ती पाहून घ्यावी. दुकानदार रंग आणि पाती दाखवतो, पट्टी आपण बघायची.

गोठ्यातला बल्ब हा आमचा जुना राग आहे. शंभर वॅटचा पिवळा बल्ब रात्रभर, दहा तास, जळतो. रात्रीला एक युनिट, महिन्याला तीस. तिथे नऊ वॅटचा दिवा लावला तर महिन्याला तीन युनिटही जात नाहीत. म्हैस काही वाचायला बसत नाही.

फ्रीजचे दार बंद करताना फटीत कागदाचा तुकडा धरून पाहावा. कागद सहज सुटला तर रबर गेले आहे असे समजून ते बदलावे. मागची बाजू भिंतीला चिकटवू नये. आणि पिण्याच्या पाण्याच्या दहा-दहा बाटल्या त्यात कोंबण्यापेक्षा माठ घ्यावा, हे आम्ही आग्रहाने सांगू. माठातून पाणी झिरपते, त्याची वाफ होताना उष्णता खेचली जाते आणि आतले पाणी गार होते. म्हणून माठ वाऱ्याच्या तोंडाला हवा, खाली ओली वाळू हवी, भोवती ओले फडके हवे. कोपऱ्यात कोंडून ठेवलेला माठ पाणी गार करीत नाही आणि मग लोक कुंभाराला नावे ठेवतात. वर्षभर वापरलेल्या माठाची छिद्रे बुजतात, तो धान्याला ठेवून पाण्याला नवा घ्यावा.

गिझर मात्र बंदच करा. दोन हजार वॅटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट गेले. एप्रिल-मेमध्ये स्लॅबवरच्या टाकीतले पाणी दुपारनंतर अंगावर घेववत नाही इतके तापते. तेच बादल्यांत काढून झाकून ठेवले तर संध्याकाळच्या आंघोळी आयत्या होतात. ज्यांच्याकडे अजून बंब आहे त्यांनीही या दोन महिन्यांत जळण वाचवावे. पावसाळ्यात कोरड्या काटकीला सोन्याचा भाव येतो.

घर तापते ते वरून. स्लॅबवर पावसाळ्यापर्यंत पुरेल असा चुन्याचा पांढरा हात द्यावा, चुन्यात थोडा डिंक मिसळला म्हणजे तो लवकर धुपत नाही. खर्च पंख्याच्या किमतीच्या मानाने किरकोळ, पण रात्री स्लॅबमधून उतरणारी झळ नक्की कमी होते. पत्र्याच्या घरावर आणि गोठ्यावर उसाचे पाचट जाड अंथरून सकाळ-दुपार पाणी मारावे. मात्र पाचट विजेच्या तारा आणि चुलीचे धुराडे यांच्यापासून लांब असावे, कारण वाळलेले पाचट पेटायला निमित्त पुरते. पाचट कुठले, असे जे विचारतील ते फडात पेटवून बसलेले असणार, त्यांना आम्ही काय सांगायचे! पाडेगावच्या संशोधन केंद्राची, वसंतदादा इन्स्टिट्यूटची आणि आमची जीभ पाचट जाळू नका म्हणून सांगून झिजली. असो. दिवसा दहाच्या सुमारास खिडक्या लावून पडदे ओढावेत आणि दिवस मावळल्यावर सगळ्या उघडाव्यात. कूलर लावणाऱ्यांनी मात्र खिडकी उघडी ठेवावी. कोंडलेल्या खोलीत कूलर नुसता दमटपणा वाढवतो आणि मग कूलर वाईट म्हणून लोक एसी आणतात.

छतावरच्या सौर विजेबद्दल गटात बरीच विचारणा होते. २०२४ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेत एक किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा त्याहून जास्तीला ७८ हजार रुपये अनुदान आहे. एक किलोवॉटचा संच उन्हाच्या दिवसांत रोज चारेक युनिट देतो. ज्यांचे बिल बाराही महिने दोनशे युनिटांच्या पुढे असते त्यांनी जरूर विचार करावा. ज्यांचे बिल फक्त उन्हाळ्यात फुगते त्यांनी आधी पंखे आणि गोठ्यातला बल्ब बदलावा, असे आमचे मत आहे.

आता गॅस. एका सभासदाच्या घरी आम्ही नोंदी घ्यायला गेलो असता भिंतीवरच्या कालनिर्णयात दुधाच्या रतीबाच्या खुणांशेजारी लाल पेनने गोल केलेल्या काही तारखा दिसल्या. त्या टाकी जोडल्याच्या तारखा होत्या. वहिनींनी सांगितले, "थंडीत टाकी तीस दिसात संपती, उन्हाळ्यात चाळीस दिस जायला पायजे. न्हाई गेली तर कुठंतरी आग वाया चाललीया." सभासदांना आम्ही विचारले, टाकी किती दिवस जाते? ते म्हणाले, "ते तिलाच ठावं." वहिनी लगेच म्हणाल्या, "आन् बिल किती आलं ते ह्यांनाच ठावं. साहेब, उसाचं बिल आलं की सारा गाव इचारतो, टाकी संपल्यावर कोण इचारतंय?"

आमच्या मते सगळ्या काटकसरीची अडचण इथेच आहे. बिल पुरुषाच्या खात्यावर, खर्च बाईच्या हातून, आणि दोन्ही आकडे एका कागदावर कधी येतच नाहीत. ज्या घरात ते येतात तिथे आम्ही काही शिकवायला जाण्याची गरज नसते. तेव्हा सभासद बंधूंनी हा अंक वाचून घडी करून खिशात न घालता घरात वाचून दाखवावा, आणि त्याबरोबर बिलाची स्लिपही दाखवावी. ती दाखवायला पुष्कळांना जड जाते याची आम्हाला कल्पना आहे.

टाकी लवकर संपण्याची कारणे साधी असतात. ज्योत पिवळी दिसू लागली, भांड्याची बूड काळी होऊ लागली, की बर्नर घाण झाला आहे असे समजावे. तो पिनेने आणि ब्रशने साफ करावा. ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर येऊ देऊ नये. हरभरा, वाटाणा, राजमा रात्री भिजत घालावा. कुकर लावताना डाळ, भात आणि बटाटे एकदम लावावेत, आणि एक शिटी झाली की आच कमी करावी. शिट्या जास्त झाल्या म्हणजे डाळ जास्त शिजते असे नाही, वाफ नुसती आढ्याला जाते. फ्रीजमधले दूध काढून लगेच चुलीवर ठेवू नये. या प्रत्येक गोष्टीने चिमूटभर वाचते हे खरे, पण चिमटीनेच टाकी आठ-दहा दिवस पुढे जाते.

उन्हाळ्याचे पेय म्हणजे आमचा हळवा विषय. थंड पेयाच्या सव्वा लिटरच्या बाटलीत साधारण एकशे तीस ग्रॅम साखर असते. आपल्या कारखान्याच्या दारात तिची किंमत पाच-सहा रुपयांच्या वर नाही. उरलेले पाणी आणि रंग. आपणच पिकवलेल्या उसाची साखर दुसऱ्याच्या बाटलीतून दसपट पैसे मोजून विकत घ्यायची, आणि वर साखरेला भाव नाही म्हणून ओरडायचे! पाहुणा आला तर त्याला कैरीचे पन्हे द्या, ताक द्या, ज्वारीची किंवा नाचणीची आंबील द्या. बाटली दिली नाही म्हणून कोणाचा मान जात नाही. सभासदांना सवलतीच्या दराने मिळणारी साखर पोत्यासकट दुकानात विकून मेमध्ये किलो-किलोने परत आणणारी घरेही आम्हाला ठाऊक आहेत. ती साखर हवाबंद डब्यात भरून ठेवली तर पावसाळ्यातही गाठी होत नाहीत.

साठवणीबाबत आमच्या आया-बहिणींना आम्ही काय सांगणार? कुरडया, सांडगे, शेवया, वर्षाचा कांदा-लसूण मसाला हे सारे त्या आमच्यापेक्षा जाणतात. फक्त दोन गोष्टी. गहू, ज्वारी, कांदा, मिरची या दिवसांत चार-पाच घरांनी मिळून बाजार समितीतून किंवा थेट पिकवणाऱ्याकडून घ्यावी. वाहतूक वाटली जाते आणि पुढे पावसाळ्यात किलोने महाग घ्यावे लागत नाही. कांदा माना वाळलेलाच घ्या आणि वारा खेळेल असा पसरून ठेवा. दुसरी गोष्ट जिवाची आहे. धान्याला कीड लागू नये म्हणून अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या काही घरांत कणगीत टाकतात. हवेतल्या ओलाव्याने त्यातून विषारी वायू सुटतो आणि झोपलेल्या माणसांचा प्राण घेतो. घरगुती वापराला त्यांना परवानगी नाही. धान्य दाताखाली कटकन फुटेपर्यंत कडक उन्हात वाळवावे, पूर्ण थंड झाल्यावर भरावे, थरांत सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला घालावा, आणि महिन्याला एकदा उघडून पाहावे. वाळलेल्या धान्यात कीड सहसा धरत नाही, म्हणून गोळीची वेळच येऊ नये.

लग्नखर्चाविषयी लिहा, असा काही ज्येष्ठ सभासदांचा आग्रह होता. तो विषय एका पानाचा नाही आणि त्यावर बोलणाऱ्याला पंगतीत बसणे अवघड होते. आहेराच्या टॉवेल-टोपीबद्दल मात्र बोलतो. एकच टॉवेल पाच घरे फिरून सहाव्या लग्नात पुन्हा आपल्याच गळ्यात पडल्याचे आम्ही पाहिले आहे. तो कोणी पुसायलाही वापरत नाही. काही गावांनी आहेर बंद असे पत्रिकेतच छापायला सुरुवात केली आहे, आणि त्यामुळे कोणाचे लग्न मोडल्याचे ऐकिवात नाही. एका लग्नाला एका घरातून तीन मोटारसायकली जातात, त्याऐवजी भावकीने मिळून एक गाडी करावी, हेही सुचवावेसे वाटते.

वाचलेले पैसे घरात ठेवले तर ते राहत नाहीत, हा सर्वांचाच अनुभव. म्हणून आठवड्याच्या आठवड्याला ते वहिनींच्या बचत गटात किंवा टपालाच्या खात्यात टाकावेत. भिशीत टाकायचे तर भिशी जूनच्या पहिल्या आठवड्यात फुटेल अशी बेतावी, दिवाळीला नव्हे.

मे अखेरीला एक दिवस नवरा-बायकोने बसून आकडा काढावा आणि त्यातून खत आणावे. त्याआधी मातीचा नमुना गट कार्यालयात दिला असेल तर कोणते खत किती हे नेमके कळते आणि खरेदी आणखी कमी होते. युरियाचे ४५ किलोचे पोते सरकारी दराने २६६ रुपये ५० पैशांना आहे. पोत्यावर छापलेली किंमत वाचावी, दुकानातल्या यंत्रावर अंगठा दिल्यावर छापील पावती मागून घ्यावी, आणि पावतीवर न मागितलेली वस्तू दिसली तर ती तिथेच परत करावी. पावती घडी करून ऊसबिलाच्या स्लिपांबरोबर ठेवावी.